पहिल्याच फेरीत हरण्याचा हक्क

८ मार्चच्या कार्यक्रमाला आम्ही सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये जमलो होतो. गाणी झाली, भाषणं झाली, ठराव वाचून झाले. सतरंज्या गुंडाळता गुंडाळता चहा आला आणि चहाबरोबर वादही आला. ज्यांच्या ओळखीने हॉल मिळाला होता ते निवृत्त क्रीडाशिक्षक आमच्यात येऊन बसले. माणूस सज्जन. मुलींनी खेळलं पाहिजे असं मनापासून म्हणणारे. टेनिसचं त्यांना भारी वेड. ते म्हणाले, "ताई, राग मानू नका. तुमचं समानतेचं सगळं मान्य. पण खेळात आकडे बोलतात. स्टेफी ग्राफ घ्या. १९९४ साली विम्बल्डनची गतविजेती, आणि पहिल्याच फेरीत बाद. हिंगीस घ्या. १९९९ ला अव्वल मानांकन, आणि पात्रता फेरीतून आलेल्या सोळा वर्षांच्या पोरीकडून ६-२, ६-० हरली. सेरेना २०१२ साली पॅरिसला पहिल्या फेरीत गेली. २०२४ ला ती वोंद्रुसोव्हा तशीच. बायका मोठ्या खेळाडू होतात, पण भरवसा नाही. मन जरा हललं की खेळ गेला. म्हणून पुरुष चॅम्पियनच्या रांगेत त्यांना बसवता येत नाही."

आमच्यातल्या दोघी-तिघी हसल्या. एक म्हणाली, "सर, आमच्या बायकांना रेशन मिळेना, तुम्ही विम्बल्डनचं काय घेऊन बसलात!" विषय तिथंच संपला. मी गप्प बसले, कारण माझ्याकडे आकडे नव्हते. साताऱ्याला परत येताना एसटीत मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. भरवसा नाही. हे वाक्य मी कुठं कुठं ऐकलं होतं? मुलीला शिकवायचं तर भरवसा नाही, ती लग्न करून जाणार. बाईला नोकरीत बढती द्यायची तर भरवसा नाही, ती बाळंतपणाची रजा घेणार. बाईला सरपंच करायचं तर भरवसा नाही, ती नवऱ्याचं ऐकणार. टेनिसच्या कोर्टावरही तेच वाक्य, फक्त इंग्रजी नावांच्या सोबतीने आलेलं.

म्हणून हा लेख. सरांना उत्तर आहे, आणि थोडं आपल्या आपल्यालाही.

सरांचे आकडे आणि सरांनी न सांगितलेले आकडे

आधी आकड्यांचंच बोलू. विम्बल्डनच्या इतिहासात २०२५ पर्यंत गतविजेता किंवा गतविजेती पहिल्याच फेरीत हरल्याचे प्रसंग चार. बायकांचे दोन : १९९४ ला स्टेफी ग्राफ लोरी मॅकनीलकडून हरली आणि २०२४ ला मार्केटा वोंद्रुसोव्हा. पुरुषांचे किती? तेही दोनच. १९६७ ला स्पेनचा मानुएल सांताना आणि २००३ ला ऑस्ट्रेलियाचा लेटन ह्युइट. दोन आणि दोन. सरांना बायकांची दोन्ही नावं तोंडपाठ होती, पुरुषांचं एकही आठवलं नाही. मी सरांना खोटारडे म्हणत नाही. आपल्या सगळ्यांच्याच स्मरणशक्तीला असं वळण लावलेलं असतं. पुरुष हरला की तो त्या दिवशी हरतो. बाई हरली की बाईची जात हरते.

बोरिस बेकर दोनदा लागोपाठ विम्बल्डन जिंकून १९८७ ला दुसऱ्याच फेरीत गेला. नदाल २०१३ ला पहिल्या फेरीत गेला, आणि त्याच स्पर्धेत फेडरर दुसऱ्या फेरीत. तेव्हा पुरुषांच्या मनाचा काय भरवसा, असं लिहिलेलं मी तरी कुठं वाचलं नाही. गवत निसरडं होतं, गुडघा दुखत होता, समोरच्याचा दिवस होता असं लिहिलं गेलं. बायकांच्या वाट्याला अशी साधी कारणं का येत नाहीत?

आणि काळाकाळांची तुलना करायची तर नियमही बघावे लागतात. विम्बल्डनमध्ये १९२१ पर्यंत गतविजेत्याला आधीच्या फेऱ्या खेळाव्याच लागत नसत. बाकीचे एकमेकांशी झुंजत वर येत आणि गतविजेता ताज्या दमाने फक्त शेवटचा सामना खेळे. त्या काळातल्या चॅम्पियनला पहिल्या फेरीत कोण हरवणार? पहिली फेरीच नाही! मग तो काळ थोर आणि नंतरचा काळ बेभरवशाचा, असं म्हणायचं का?

दुसरा नियम सेट्सचा. मोठ्या स्पर्धांत पुरुष पाच सेट्सपर्यंत खेळतात, बायका तीन. सामना जेवढा छोटा तेवढा धक्कादायक निकाल लागण्याचा संभव जास्त, हे गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरालाही कळतं. एक सेट हातचा गेला तर पुरुषाला सावरायला चार उरतात, बाईला दोन. हा नियम बायकांनी मागून घेतलेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत १८९१ ते १९०१ या काळात बायकांचा अंतिम सामना पाच सेट्सचाच असे. नंतर संघटनेच्या पुरुष कारभाऱ्यांनी बायकांना झेपणार नाही असं ठरवून तो तीनवर आणला. १९८४ ते १९९८ या काळात बायकांच्या वर्षअखेरच्या स्पर्धेची अंतिम लढत पुन्हा पाच सेट्सची होती. ग्राफ, सेलेस, नवरातिलोव्हा ती खेळल्या, कोणी कोसळलं नाही. म्हणजे आधी आपली वाट आखूड करायची, आणि मग तुम्ही लवकर घसरता म्हणून हिणवायचं. ही रीत आपल्या ओळखीची आहे. मुलीची शाळा सातवीला बंद करायची आणि मग म्हणायचं, बाईच्या जातीला हिशेब कळत नाही.

पराभवाच्या पाठीमागे काय असतं

आता एकेका पराभवाजवळ जाऊन बघू. फ्रान्सची सुझान लेंग्लेन १९१९ पासून १९२६ पर्यंत एकेरीत एकदाच हरली असं सांगतात. तो पराभव १९२१ चा, अमेरिकेतला, दुसऱ्या फेरीतला. समुद्रप्रवास करून ती नुकतीच उतरली होती, डांग्या खोकल्याने बेजार होती, आणि समोर उभी केली होती मोला मॅलरी, तिथली गतविजेती. पहिला सेट २-६ गेल्यावर तिने सामना सोडला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आजारी बाईने आजारी असल्याचं सिद्ध करून दाखवावं लागतं, हे तिथंही सुटलं नाही.

१९५० साली अमेरिकेतल्या त्याच स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरलेली आणखी एक मुलगी होती : ॲल्थिया गिब्सन. त्या स्पर्धेत उतरलेली पहिली काळी खेळाडू. तोवर तिला आत घेतलंच जात नव्हतं. ॲलिस मार्बल या जुन्या गोऱ्या विजेतीने टेनिसच्या एका मासिकात खरमरीत पत्र लिहिलं, तुमच्या ढोंगाची लाज वाटते अशा अर्थाचं, तेव्हा दार उघडलं. दुसऱ्या फेरीत गिब्सनने त्या वर्षीच्या विम्बल्डन विजेत्या लुईस ब्रॉला घाम फोडला. तिसऱ्या सेटमध्ये ती ७-६ ने पुढे असताना वादळी पाऊस आला, खेळ थांबला, आणि दुसऱ्या दिवशी ती हरली. नुसता निकाल वाचणारा म्हणेल : दुसऱ्या फेरीत बाद. पण ती दुसरी फेरी गाठायला तिच्या आधीच्या किती पिढ्या दाराबाहेर उभ्या होत्या! ती परत आली. १९५७ ला विम्बल्डन जिंकली. तिला हरण्याची मुभा मिळाली म्हणून जिंकायची वेळ आली.

हिंगीसची गोष्ट अगदी साधी आहे. १९९९ च्या त्या विम्बल्डनला ती अठरा वर्षांची होती. काही दिवसांपूर्वी पॅरिसच्या अंतिम सामन्यात भरलेल्या स्टेडियमने तिची टर उडवली होती, आणि जन्मापासून जिने तिला खेळवलं ती आई त्या आठवड्यात सोबत नव्हती. अठराव्या वर्षी आपल्यापैकी कितीजणी अशा आठवड्यात ताठ उभ्या राहिल्या असत्या?

आणि मोनिका सेलेस. एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिच्याकडे आठ ग्रँड स्लॅम होती, जगात ती पहिली होती. ३० एप्रिल १९९३ ला जर्मनीत हॅम्बुर्गला खेळ थांबलेला असताना ती खुर्चीवर बसली होती आणि ग्राफच्या एका वेड्या चाहत्याने पाठीमागून येऊन तिच्या पाठीत सुरा खुपसला. त्याला एक दिवसही तुरुंगाची शिक्षा भोगावी लागली नाही, कोर्टाने शिक्षा स्थगित ठेवली. सेलेस दोन वर्षांहून अधिक काळ खेळली नाही. परतल्यावर तिला आणखी एकच ग्रँड स्लॅम मिळालं. ग्राफच्या बावीसपैकी अकरा त्या दिवसाच्या आधीची आहेत, अकरा नंतरची. यात ग्राफचा काडीचा दोष नाही. पण ग्राफ २२ आणि सेलेस ९ अशी तुलना मांडताना त्या सुऱ्याचा आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा? पुरुषाच्या हिंसेने बाईचा खेळ मोडायचा आणि नंतर तक्त्यात तिचा नंबर खाली लावायचा. कौटुंबिक अत्याचाराच्या केसेस चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना याची नवलाई ती काय!

सेरेना विल्यम्सने २०१७ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा पोटात बाळ असताना जिंकली. सप्टेंबरात मुलगी झाली. बाळंतपणानंतर फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. २०१८ ला ती पॅरिसला खेळायला परतली तेव्हा तिचा क्रमांक साडेचारशेच्याही खाली गेलेला होता, आणि स्पर्धेने तिला मानांकन दिलं नाही. बाळंतपण म्हणजे दुखापत, आणि दुखापतीचा दंड भरायचा! आरडाओरडा झाला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस बायकांच्या टेनिस संघटनेने आई होऊन परतणाऱ्या खेळाडूंसाठी रँकिंगचे नियम सुधारले. नियम माणसं करतात, त्यामुळे माणसांनी ओरडलं तर ते बदलतात. पण २०१८ पर्यंतच्या सगळ्या आया जुन्याच नियमांनी मोजल्या गेल्या.

म्हणून मार्गारेट कोर्टची २४, सेरेनाची २३, ग्राफची २२ असा तक्ता लावून थोर कोण हे ठरवणं मला पटत नाही. कोर्टच्या २४ पैकी १३ खुल्या टेनिसच्या, म्हणजे १९६८ च्या आधीच्या आहेत. त्यांतल्या अनेक ऑस्ट्रेलियातल्या, जिथं त्या काळी जगातल्या बऱ्याच खेळाडू प्रवासखर्चामुळे जातच नसत. पण तीच कोर्ट १९७२ ला आई झाली आणि १९७३ ला चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा जिंकली, हेही खरं. तिचं मोठेपण कमी करायचं नाही. फक्त तक्ता जे दाखवतो त्यापेक्षा जे झाकतो ते जास्त आहे, एवढंच.

पैशाचंही तसंच. १९६८ च्या पहिल्या खुल्या विम्बल्डनला पुरुष विजेत्याला २००० पौंड मिळाले आणि बिली जीन किंगला ७५०. १९७० ला नऊजणींनी संघटनेची बंदी पत्करून एकेका डॉलरच्या करारावर सह्या केल्या आणि बायकांची वेगळी स्पर्धा उभी केली. १९७३ ला अमेरिकन स्पर्धेने समान बक्षीस दिलं. विम्बल्डनला तिथवर यायला २००७ साल उजाडलं. या नऊजणींतल्या काहींची नावं कुठल्याही महान खेळाडूंच्या यादीत नाहीत. पण आज पहिल्या फेरीत हरणारी मुलगीही जे मानधन घेऊन घरी जाते, त्यामागे त्यांच्या सह्या आहेत. मग थोर कोण?

आपल्या मातीतलं

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं. मग जवळ येऊ. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री मराठी घरातली होती : लीला राव, साल १९३४. पहिली फेरी जिंकली, दुसरीत हरली. पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत हरली. तिची आई पंडिता क्षमा राव, संस्कृतात लिहिणारी कवयित्री, स्वतः उत्तम टेनिस खेळणारी. घर शिकलेलं, उच्चवर्णीय, सुबत्तेचं. म्हणून तिथं आईकडून मुलीकडे रॅकेट गेली. त्या काळी साताऱ्या-सांगलीकडच्या किती आयांकडे मुलीला द्यायला विळा-खुरप्याशिवाय दुसरं काही होतं? याच सातारा जिल्ह्यात, नायगावला, १८३१ साली सावित्रीबाई जन्मली. तिने मुलींच्या हातात पाटी दिली, त्यासाठी अंगावर शेण-दगड झेलले. मैदान त्याच्याही पुढची गोष्ट. लीला राव एका सामन्यापुरती जिंकली याची नोंद झाली. ज्या पहिल्या फेरीपर्यंत पोचल्याच नाहीत त्यांची नोंद कोणत्या वहीत आहे?

आता मला सगळ्यांत जवळची वाटणारी गोष्ट सांगते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिम्पिक पदक त्यांनी दिलं, १९५२ ला हेलसिंकीत. हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण त्याच्या आधी १९४८ ला लंडनला ते गेले होते आणि सहावे आले होते. मातीत घुमलेल्या पैलवानाला मॅटची सवय नव्हती. म्हणजे पहिल्या खेपेला ते हरून आले. आणि हरून आलेल्या त्या मुलासाठी चार वर्षांनी गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, दर वेळी अंगावर काटा आला. आता मात्र ती ऐकली की एक प्रश्न पडतो. सहावी येऊन परत आलेल्या मुलीसाठी आमच्या भागात कोणी घर गहाण ठेवलं असतं का? ठेवतं का? मुलीसाठी घर गहाण पडतं ते हुंड्यासाठी.

उत्तर मला ठाऊक आहे, कारण त्यात मी स्वतः आहे. तीसेक वर्षांपूर्वी माण तालुक्यातल्या एका गावात आमचं शिबिर होतं. तिथं एक नववीतली मुलगी भेटली. पळायला हरणासारखी. शाळेतून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला पहिली आली. विभागीय स्पर्धेत पहिल्याच शर्यतीत मागे पडली. पायात बूट नव्हते, आदल्या रात्री जेवण धड नव्हतं आणि पाळी आलेली होती. हे तिने मला नंतर, चुलीपाशी, खालच्या आवाजात सांगितलं. बाप म्हणाला, "बघितलं ना, झाली हौस. आता पुरे." तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, तुमचं ऐकतील ते, जरा सांगा." मी गेलेही. पण मी काय सांगितलं? मी म्हणाले, "दादा, खेळाचं राहू द्या, निदान दहावी होऊ द्या." बापाला वाटलं, बाईंनाही पटलं खेळ फुकटचा आहे. मी शिक्षण वाचवायला गेले आणि पळणं माझ्या हातानेच सोडून दिलं. शेवटी दोन्ही गेलं. दहावीच्या आधीच तिचं लग्न झालं. तिच्या वर्गातला मुलगा त्याच स्पर्धेत असाच मागे पडला होता. त्याला पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं.

त्या दिवशी मला जे कळलं नव्हतं ते आज कळतं. तिला जिंकण्याचा हक्क सगळ्यांनी दिला होता. जिंकत होती तोवर गाव तिचं होतं. तिला हरण्याचा हक्क नव्हता. आणि ज्याला हरण्याचा हक्क नाही त्याला खेळण्याचा हक्क आहे असं म्हणता येत नाही.

जिंकणाऱ्या मुली आमच्याकडे आहेतच. त्याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारतीय स्त्री ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक अंतिम शर्यतीत. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत दहावी. आणि आमच्याच गल्लीत मी ऐकलं, "दहावीच आली की!" दुष्काळी माणमधून निघून जगात दहावी!

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली, वय सतरा. तिला विचारतात, ऑलिम्पिकचं पदक कधी? तिचा धनुष्यप्रकार तोवर ऑलिम्पिकमध्ये कधीच नव्हता. २०२८ साठी घेतलाय, तोही फक्त मिश्र सांघिक. जी परीक्षाच घेतली नाही तिच्यात नापास झाली म्हणायचं!

सांगलीची स्मृती मानधना २०१७ च्या विश्वचषकात पहिल्या दोन डावांत ९० आणि नाबाद १०६ करून गाजली. पुढच्या सात डावांत एकदाही १३ च्या वर गेली नाही, लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात शून्यावर गेली, भारत नऊ धावांनी हरला. तिला काढून टाकलं नाही. तिच्यावर विश्वास ठेवला, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा त्या स्पर्धेत तिच्या ४३४ धावा होत्या. हरण्याचा हक्क मिळाला की काय होतं याचा याहून चांगला दाखला नाही. हा हक्क तिला मिळाला याचा आनंदच आहे. सांगलीतल्या झोपडपट्टीतल्या, वाळव्याच्या ऊसतोड वस्तीवरच्या मुलीला तो कधी मिळणार, हा माझा प्रश्न आहे.

आणि कुस्ती. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा भरली मार्च २०२३ ला, सांगलीत, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. बासष्ट वर्षांचं अंतर. त्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर देशाच्या नामवंत मल्ल मुली लैंगिक छळाची तक्रार घेऊन फुटपाथवर बसल्या होत्या, पोलिसांनी त्यांना फरफटत नेलं. त्यांतल्याच विनेश फोगटने २०२४ ला पॅरिसला पहिल्याच फेरीत जपानच्या युई सुसाकीला हरवलं. सुसाकी तोवर परदेशी खेळाडूकडून एकदाही हरली नव्हती. बघा, पहिल्या फेरीतला धक्कादायक पराभव! पण कुस्तीत एक सुंदर नियम आहे. तुम्हाला हरवणारा अंतिम फेरीत गेला तर तुम्हाला आणखी एक संधी मिळते. रेपेचाज म्हणतात त्याला. सुसाकीला ती मिळाली आणि ती कांस्यपदक घेऊन घरी गेली. माणच्या त्या मुलीच्या बापाच्या घरात हा नियम असता तर!

आपल्यातला आक्षेप

आपल्याच काही मैत्रिणी म्हणतील, खेळ आता बाजार झालाय, जाहिरातदारांचा झालाय. टेनिस तर श्रीमंतांचंच. यावर पानं कशाला खर्चायची? मला हे अर्धं पटतं. पण आठवून बघा. १९८० च्या दशकाच्या शेवटी याच सांगली जिल्ह्यात परित्यक्ता एकत्र आल्या. रेशनकार्ड मागितलं, स्वतःच्या नावावर घराला जागा मागितली. तेव्हा लोक काय म्हणायचे? संसारात हरलेल्या बायका, यांना कसले हक्क! त्या म्हणाल्या, आम्ही हरलेल्या नाही, आणि हरलो असलो तरी जगायला जागा पाहिजे. ती मागणी आणि ही मागणी मला एकच वाटते. बाईचं माणूसपण तिच्या यशाच्या अटीवर नको. जिंकली तर लेक, हरली तर ओझं, हा व्यवहार घरात मोडायचा तसा मैदानावरही मोडला पाहिजे. शरीर मोकळं वापरायची, घामाने भिजायची, चारचौघांत पडून पुन्हा उठायची सवय मुलीला लागली, तर तिला मारायला उचललेला हात पहिल्यांदा थबकतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. त्या आधी आपल्या गटांकडे आहेत, मग सरकारकडे.

एक. आपल्या भागातल्या प्रत्येक मैदानावर मुलींसाठी पाण्यासह संडास आणि कपडे बदलायची खोली आहे का, हे आपण जाऊन बघावं आणि नसेल तर पंचायतीत, नगरपालिकेत मांडावं. माणची ती मुलगी याच एका गोष्टीवर हरली असेल.

दोन. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुलं हीसुद्धा कामाची ठिकाणं धरली आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या किती संस्थांत तक्रार समिती आहे, हे लेखी विचारू या. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजू या.

तीन. शाळांना सांगू या, जिंकलेल्या मुलीच्या सत्कारासोबत हरलेल्या मुलीचं पुढच्या वर्षाचं नाव त्याच दिवशी लिहून घ्या. प्रवासखर्च, बूट, आदल्या रात्रीचं जेवण याची तजवीज तेव्हाच करा. खर्डेकरांसारखं घर गहाण ठेवायला कुणालाच सांगत नाही. जोडी बुटांची पुरे.

चार. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला आपण मुलींच्या शर्यती भरवतो. पहिल्या तिघींना बक्षीस देतो, बाकीच्या घरी जातात. या वेळी शेवटच्या तिघींच्या घरी आपण जाऊ या. बापाशी, भावाशी, सासरी असेल तर सासूशी बोलू या. एकच सांगायचं : पुढच्या वर्षी हिला पुन्हा पाठवा. आणि तेव्हा मी केली ती चूक करू नका. "निदान दहावी" म्हणू नका. दहावीही मागा आणि मैदानही मागा.

सरांना मी हे सगळं पत्राने कळवलं. आकडे तर आधी लिहिले. त्यांचं उत्तर आलं, पोस्टकार्डावर, चार ओळी. सांताना आणि ह्युइट माझ्या ध्यानातून सुटले होते, असं लिहिलंय. आणि खाली, पुढच्या ८ मार्चलाही हॉल तुमचाच. मी उलट टपाली कळवलंय, सर, या खेपेला हॉल नको, मैदान द्या.